आक्कांचं दरपत्रक

माझ्या हातात कसब आलं ते कोल्हापुरात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला बेसिक कॉस्मेटॉलॉजीचा वर्षाचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर एका पार्लरमधली उमेदवारी, एवढ्या भांडवलावर कुठेही पोटापुरतं मिळालं असतं. पण आपल्या कामाचा दर उघड्यावर लिहावा, तो समोरच्या बाईला न विचारता कळावा, आणि लिहिलं त्यापेक्षा एक रुपया जास्त मागू नये, हे मला शिकवलं बंगळूरच्या महादेवपुऱ्यातल्या एका कन्नड बाईंनी. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची. मीही तेच म्हणते. आपलं नाव छापू नकोस असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून इथेही त्या आक्काच.

आम्ही गडहिंग्लजचे. बाजाराच्या दिवशी कन्नड ऐकतच वाढले, त्यामुळे यजमानांना दोड्डनेक्कुंदीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली तेव्हा भाषेची धास्ती वाटली नाही. मिरजेहून राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसने आलो. महादेवपुरा 2007 पर्यंत स्वतंत्र नगरपालिका होती, मग ती बृहत् बंगळूर महानगरपालिकेत सामील झाली. 2011 मध्ये व्हाइटफील्ड रोडवर फिनिक्स मार्केटसिटी हा मॉल उघडला. आम्ही आलो तेव्हा मुख्य रस्त्याला काचेच्या इमारती होत्या आणि मागच्या गल्ल्यांत अजून गाई बांधलेल्या दिसत. कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या बायका, आयटीपीएल या आयटी पार्कच्या बसची वाट बघणाऱ्या मुली, ओडिशा-बंगालहून घरकामाला आलेल्या मावश्या, आंध्रातून मुलाकडे नातवंड सांभाळायला आलेल्या आजी, सगळ्यांचा रस्ता एकच. पार्लरच्या दारात यातली कोणीही उभी राहू शकते, आणि प्रत्येकीच्या पदराला बांधलेले पैसे वेगळे. दरपत्रकाचा सगळा प्रश्न इथे सुरू होतो.

माझी पहिली नोकरी एका मोठ्या, वातानुकूलित सलोनमध्ये होती. त्याचं नाव लिहीत नाही. तिथे गुळगुळीत कागदाची जाडजूड पुस्तिका होती. सेवांची नावं अशी, की काम चेहऱ्याचं आहे की केसांचं तेही कळू नये. बहुतेक आकड्यांपुढे ‘पासून’ लिहिलेलं, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘कर वेगळा’. एकदा एक मुलगी केस कापायला आली. एका कंपनीत साफसफाईच्या कामावर होती, दुसऱ्या दिवशी तिथेच रिसेप्शनच्या जागेसाठी मुलाखत होती. तिचे केस ओले करून झाल्यावर सुपरवायझरने विचारायला सुरुवात केली. डोक्याची त्वचा फार कोरडी आहे, ट्रीटमेंट करून टाकू? मास्क लावू? सीरम? अंगावर एप्रन, डोकं मागे कलतं, समोर आरसा. ती दर वेळी मान हलवत गेली. काउंटरवर बिल बघून तिने पर्स उघडली, मिटली, आणि बाजूला जाऊन मैत्रिणीला फोन लावला. पैसे मागताना तिचा आवाज किती खाली गेला होता, ते मी खुर्चीभोवतीचे केस झाडताना ऐकलं. त्या महिन्याच्या शेवटी मी तिथून निघाले.

आक्कांचं पार्लर मला रस्त्यावरून दिसलं ते त्यांच्या पाटीमुळे. सिंगय्यनपाळ्याच्या बाजूला, तळमजल्यावर दोन खुर्च्यांची खोली. दाराच्या बाहेर, चप्पल काढायच्या जागेच्या वर, पत्र्यावर रंगवलेली यादी. वर कन्नड, खाली इंग्रजी आणि हिंदी. तीन रकाने: काम, वेळ, पैसे. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, इथे लिहिलंय तेवढेच पैसे घेऊ. पाटी दाराच्या आत का नाही, असं मी नंतर विचारलं तेव्हा आक्का म्हणाल्या, “आत आल्यावर दर कळला तर उलट्या पावली जायला लाज वाटते, अम्मा. बाहेर कळला तर कोणी बघत नसतं. परवडलं तर आत येईल, नाही तर पगार झाल्यावर येईल.”

आक्कांनी पार्लर उघडलं ते पन्नाशीच्या आसपास. त्याआधीची सगळी नोकरी दूरवाणीनगरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये. 1948 मध्ये सुरू झालेला हा सरकारी कारखाना आमच्यापासून फार लांब नाही, कृष्णराजपुरम् स्टेशनच्या पलीकडे. देशभरातल्या घरांत आणि कचेऱ्यांत वाजणारे ते काळे, जड फोन एके काळी इथून जायचे, आणि ते जुळवणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी होती. आक्का जुळणी विभागात होत्या. प्रत्येक कामाला एक कार्ड, कार्डावर कामाचं नाव, सुटे भाग, लागणारी मिनिटं. पुढे मोबाइल आले, कारखाना खंगला, त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मिळालेल्या पैशातून ब्युटिशियनचा कोर्स करून ही खोली घेतली. कारखान्यातून त्या काय घेऊन आल्या असतील तर ती कार्डाची शिस्त.

पण यादी कशी असावी याचा त्यांचा आदर्श कारखाना नव्हता, देऊळ होतं. मी कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्या मला जवळच्या देवळात घेऊन गेल्या. दर्शन झाल्यावर सेवांच्या फलकापुढे उभं केलं. कर्नाटकातल्या देवळांत हा फलक असतोच: अर्चने, कुंकुमार्चने, पंचामृत अभिषेक, सर्वसेवा, आणि प्रत्येकीपुढे रक्कम. “वाच,” म्हणाल्या. मी अक्षरं लावत लावत वाचलं. मग त्या कुक्के सुब्रह्मण्य देवस्थानाचं सांगू लागल्या. तिथली सर्पसंस्कार सेवा दोन दिवस चालते, आश्लेषा बळी ठरलेल्या वेळांना होतो. गावाकडून निघणाऱ्या माणसाला घरी बसून कळतं, की किती पैसे न्यायचे, किती दिवसांची रजा काढायची. “देवाच्या दारात गरिबाला घासाघीस करावी लागत नाही. मग माझ्या दारात का करावी लागावी?” परत येताना एका दर्शिनीत कॉफी घेतली. भिंतीवर पदार्थ आणि दर, आधी पैसे, मग टोकन, मग उभ्याने खाणं. ही पद्धत 1983 मध्ये जयनगरच्या कॅफे दर्शिनीपासून या शहरात रुजली. इडली मागणाऱ्याला मध्येच कोणी वाढीव काही गळ्यात मारत नाही, हे आक्कांनी तिथे बोट दाखवून सांगितलं.

त्यानंतर त्यांनी मला एक वही दिली. त्यांची पाटी तेव्हा जुनी झाली होती, कामं वाढली होती, आणि नवी यादी करायची ती माझ्याकडून करवून घ्यायची असं त्यांनी ठरवलं होतं. वहीत रोज दोन गोष्टी लिहायच्या. पहिली, गिऱ्हाईक काय शब्दांत मागतं. दुसरी, घड्याळ लावून प्रत्यक्ष किती मिनिटं गेली.

पहिल्या रकान्याने माझ्या शिक्षणाला धक्का दिला. अभ्यासक्रमात शिकलेली नावं कोणी वापरतच नव्हतं. बायका म्हणायच्या, “चेहरा काळवंडलाय, काहीतरी करा.” “लग्नाला जायचंय, हात नीट करून द्या.” “पांढरे फक्त पुढचेच झाका.” आक्का म्हणाल्या, पाटीवर हेच शब्द येतील, कंपनीच्या डब्यावरचे येणार नाहीत. ‘रूट टच-अप’ खाली राहिलं, पण वर ठळक अक्षरांत आलं, मुळाशी आलेले पांढरे केस रंगवणे. ‘क्लीनअप’च्या पुढे आलं, चेहरा धुणे, वाफ, काळे कण काढणे, लेप. म्हणजे त्या पैशात काय काय होणार ते लिहूनच टाकलं. कोणती क्रीम वापरतो हे विचारलं तर दाखवायचं, पण कंपनीच्या नावावर चार वेगळे दर लावायचे नाहीत. आधी फेशिअलचेच किती तरी प्रकार होते. वहीत दिसलं की बायका विचारून विचारून शेवटी दोन-तीनच घेतात. बाकीचे पुसले. यादी चार भागांत मांडली: चेहरा, केस, हात-पाय, लग्न-समारंभ. गिऱ्हाईक आपल्या शरीराकडे बघून येतं, म्हणून वाटणीही तशीच.

केसांच्या लांबीचा तंटा प्रत्येक पार्लरमध्ये असतो. लहान, मध्यम, लांब असं लिहिलं की बाईला आपले केस मध्यम वाटतात आणि पार्लरवालीला लांब. आक्कांनी पेंटरकडून पाटीवर पाठमोरी बाई काढून घेतली आणि तिच्या पाठीवर तीन रेघा: खांदा, पाठीचा मध्य, कंबर. रेघेपुढे दर. त्या दिवसापासून आमच्याकडे लांबीवरून वाद झाल्याचं मला आठवत नाही. आणि ‘पासून’ हा शब्द त्यांनी पूर्ण बंद केला. जिथे आकडा आधी सांगता येत नाही, उदाहरणार्थ बाहेर रंगवून बिघडलेले केस सुधारायचे असतील, तिथे पाटीवर लिहिलं, बघून सांगू, बघण्याचे पैसे नाहीत. आणि बघून जो आकडा सांगितला तो कागदावर लिहून तिच्या हातात द्यायचा, मगच कामाला हात घालायचा.

दर ठरवायचं त्यांचं गणित मी आजही तसंच करते. ते इथे मांडते, कारण छोटा धंदा करणाऱ्या कित्येक बायका शेजारच्या दुकानाचा दर बघून आपला लावतात आणि वर्षाच्या शेवटी हातात काही का उरलं नाही याचा विचार करत बसतात. आक्का वहीत सगळ्यात वर मुलींचे पगार लिहायच्या, त्यात स्वतःचाही. मग भाडं, वीज, पाणी, कपडे धुणं. समजा हे सगळं मिळून महिन्याला 72,000 रुपये झालं. दोन खुर्च्या, 26 दिवस. आता दुकान दहा तास उघडं असतं, पण खुर्ची दहा तास भरलेली नसते. वहीतल्या मिनिटांवरून आम्हाला कळलं होतं की ती सरासरी सहा तासच भरते. म्हणून भागायचं ते सहा तासांनी. एकूण 18,720 मिनिटं होतात आणि मिनिटाला सुमारे 4 रुपये पडतात. पाऊण तासाच्या कामाचे 180, त्यात लागणारं साहित्य 120 रुपयांचं असेल तर दर 300. दहा तासांनी भागलं तर मिनिटाला अडीच रुपयेही पडत नाहीत, आणि ती खोटी स्वस्ताई शेवटी कोणा तरी मुलीच्या पगारातून वसूल होते. आक्का हे ‘कोणा तरी मुलीच्या’ फार जोर देऊन म्हणायच्या. जुळणी विभागात बसलेल्या बाईला मिनिटाची किंमत माहीत असते.

म्हणूनच वेळेचा रकाना. तो गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी आहे असं मला आधी वाटलं होतं. तो आमच्यासाठीही होता. पेडिक्युअरपुढे जेवढी मिनिटं लिहिली होती, त्यात टब घासून कोरडा करण्याची मिनिटं धरलेली होती. त्यामुळे एकीनंतर दुसरीला घाईघाईत ओल्या टबात पाय घालायला सांगायची वेळ यायची नाही, आणि आम्हाला दुपारचं जेवण बसून मिळायचं. अपॉइंटमेंटची पद्धत आक्कांनी आधीपासून ठेवली होती, पण तिला सगळ्यांनी मान दिला तो कोरोनानंतर. 2020 च्या मे महिन्यात कर्नाटकात पार्लरं पुन्हा उघडली तेव्हा गर्दी टाळायला गिऱ्हाईक वेळ ठरवूनच घ्यावं लागे. ज्यांच्याकडे कामाची मिनिटं लिहिलेली नव्हती त्यांना दिवस कसा आखावा हे कळेना. आमचं दुसऱ्या दिवसापासून सुरळीत सुरू झालं. मधल्या बंद महिन्यांत आक्कांनी आम्हा दोघी मदतनिसांना अर्धा पगार दिला होता. तो त्यांनी आपल्या निवृत्तीच्या ठेवीतून काढला, हे मला फार उशिरा, त्यांच्या मुलीकडून समजलं. त्या रकमेची परतफेड आक्कांनी कधी घेतली नाही.

एक नियम कुठेही लिहिलेला नव्हता, पण सगळ्यात कडक होता. खुर्चीत बसलेल्या बाईला नवीन काही विकायचं नाही. तिला स्वतःहून हवं असेल तर ती पाटी वाचून मागेल. आपल्याला सुचवावंसं वाटलं तर काम संपल्यावर, ती उठून उभी राहिल्यावर, पुढच्या वेळेसाठी सांगायचं. त्या सलोनमधल्या मुलीची गोष्ट मी आक्कांना सांगितली होती. त्यांनी लगेच काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, “डोकं मागे टाकून बसलेली बाई नाही म्हणू शकत नाही.” इतकंच.

लोकांनी मुंबईतल्या, पुण्यातल्या मोठ्या सलोनची चमक बघावी, पण मला वाटतं या धंद्याची खरी परीक्षा यादीत काय नाही यावर होते. आक्कांच्या यादीत ‘गोरं करणं’ नव्हतं. चेहरा स्वच्छ करू, उन्हाचा काळेपणा कमी करू, असं लिहिलं होतं. रंग उजळवून देऊ असं एकही अक्षर नव्हतं. लग्न ठरवायच्या आधी मुलीला घेऊन येणाऱ्या आया हटून बसायच्या. आक्का शांतपणे सांगायच्या, ते काम आमच्याकडे होत नाही. फेअर अँड लव्हलीने 2020 मध्ये आपल्या नावातलं ‘फेअर’ काढलं, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. द्रावण लावून उष्णतेने केस सरळ करण्याचं कामही नव्हतं. त्यातल्या काही द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मलडीहाइडचा वायू सुटतो, आणि कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने 2004 मध्येच तो माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरला. आमच्या खोलीला एकच खिडकी. गिऱ्हाईक एकदा हुंगेल, मुली रोज हुंगतील, असं म्हणून त्यांनी विषय संपवला, मोठ्या रकमेचं काम असूनही.

हे बघताना मला आपल्याकडचा एक इतिहास आठवतो, जो मला शाळेत कोणी शिकवला नाही. गावगाड्यात न्हावी बलुतेदार. वर्षाच्या शेवटी सुगीचं धान्य, आणि बदल्यात गाव सांगेल ते काम. दर नाही, यादी नाही, नकारही नाही. सांगितलेल्या कामांत विधवांचं केशवपनही होतं. 1890 मध्ये मुंबईत सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि आपण विधवांचे केस काढणार नाही असं त्यांनी ठरवलं. हातात वस्तरा असलेल्या माणसांनी आपल्या कामातून एक काम स्वतःहून वगळलं. आमच्या धंद्याचे पूर्वज म्हणून मी त्यांच्याकडे अभिमानाने बघते. आक्कांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

यादीत फुकटची एक ओळही होती: केसांना पहिल्यांदा रंग लावण्याआधी दोन दिवस येऊन कानामागे चाचणी करून जाणे, पाच मिनिटं, पैसे नाहीत. काळ्या रंगातल्या रसायनाने काहींच्या त्वचेला भयंकर खाज सुटते, चेहरा सुजतो. 48 तास आधी चाचणी घ्या अशी सूचना डब्यावरच छापलेली असते, आणि घाईत ती कोणी वाचत नाही. तोंडी सांगितलं तर गिऱ्हाइकाला वाटतं फेऱ्या मारायला लावतात. पाटीवर इतर कामांच्या रांगेत वेळ आणि शून्य पैसे लिहून आलं, की बायका स्वतःच विचारू लागल्या, “चाचणीला कधी येऊ?” पाटीवर जे असतं तेच खरं काम मानलं जातं, हे मला तेव्हा उमगलं.

मराठी बायकांसाठीची ओळ माझ्यामुळे आली, हे सांगताना मला आनंद होतो. व्हाइटफील्ड, हूडी, ब्रुकफील्डच्या सोसायट्यांत मराठी घरं खूप. गौरी-गणपती, पाडवा, संक्रांतीचं हळदीकुंकू आलं की नऊवारीसाठी फोन. आईने मला नऊवारी नेसवायला शिकवलं होतं. आक्कांनी मला वेळ लावून पाचसहा जणींना नेसवायला लावलं, आणि मग ओळ आली: नऊवारी नेसवणे, साधी; नऊवारी नेसवणे, खोपा आणि दागिन्यांसह. दोन ओळी, दोन वेळा, दोन दर. कन्नड वधूंची गोष्ट वेगळी. मुहूर्त भल्या पहाटेचा असतो, मेकअप रात्री तीनला सुरू होतो. त्यासाठी आक्कांनी ‘पहाटे पाचच्या आधी’ अशी स्वतंत्र रक्कम लिहिली आणि ती सगळीच्या सगळी रात्री जाणाऱ्या मुलीची असेल, तिला न्यायला-आणायला गाडी गिऱ्हाइकाची असेल, हेही लिहिलं. मुलींच्या रात्रीच्या प्रवासाबद्दल इतकं स्पष्ट मी अजून दुसऱ्या कुठल्या दरपत्रकावर वाचलेलं नाही.

शहराने या यादीची परीक्षा अनेकदा घेतली. सप्टेंबर 2022 च्या पावसात बाहेरचा रिंग रोड आणि महादेवपुऱ्यातल्या वसाहती पाण्याखाली गेल्या, लोक ट्रॅक्टरमधून कामाला जात होते. आमच्याकडे अपॉइंटमेंट रद्द करण्याचा नियम होता: आदल्या रात्रीपर्यंत कळवलं तर आगाऊ रक्कम परत. त्या आठवड्यात आक्कांनी न कळवलेल्यांचीही रक्कम परत केली आणि नियमाखाली एक ओळ वाढवली, की पूर आणि बंदच्या दिवशी हा नियम नाही. 2024 च्या उन्हाळ्यात उलट झालं. बोअर आटल्या, टँकरशिवाय पर्याय नाही, आणि टँकरवाले तोंडाला येईल ते मागू लागले. शेवटी जिल्हा प्रशासनाने त्यांनाच दर ठरवून दिले, पाच किलोमीटरच्या आत 12,000 लिटरला 1,000 रुपये. आक्कांनी ती बातमी कापून दाराला चिकटवली. केस धुण्याचा खर्च आमच्या वहीत सुटा लिहिलेला होता, म्हणून त्या महिन्यांत आम्ही सरळ पाटी लावू शकलो: घरून केस धुऊन आलात तर एवढे रुपये कमी. बायका टॉवेल गुंडाळून येत. कोणाचं काम अडलं नाही, आमचंही नुकसान झालं नाही.

त्याच वर्षी पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं हा नियम शहरात कडक झाला. आजूबाजूला पेंटर मिळेनात. आमच्या पाटीला हात लावावा लागला नाही, तिच्यावर कन्नड पहिल्या दिवसापासून सगळ्यात वर आणि ठळक होतं. परमुलखात राहून पोट भरणाऱ्या आम्हा मराठी माणसांना मी मनापासून सांगते, दारावरची भाषा तिथल्या मातीची ठेवावी. आपली नऊवारी त्या पाटीवर कन्नड अक्षरांत लिहिलेली आहे, आणि तिला काही उणेपण आलेलं नाही.

त्याआधी, 2023 मध्ये मेट्रो आली. मार्चमध्ये कृष्णराजपुरम् ते व्हाइटफील्ड, ऑक्टोबरमध्ये मधला तुटलेला टप्पा जोडला गेला. सिंगय्यनपाळ्याच्या स्टेशनवरून गिऱ्हाईक दिलेल्या वेळेला येऊ लागलं, आणि वेळेच्या रकान्याचं चीज झालं. पुढच्या वर्षाच्या शेवटी आक्कांनी पार्लर माझ्या हवाली केलं. खोलीची अनामत जेवढी त्यांनी कधीकाळी भरली होती तेवढीच माझ्याकडून घेतली, चालत्या दुकानाचे म्हणून वेगळे पैसे घेतले नाहीत. अटी दोन घातल्या. पाटी बाहेरच राहील. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जी यादी पाठवशील ती पाटीवरच्यासारखीच असेल, एका रुपयाचाही फरक नाही. आता गिऱ्हाईक मेसेज करतं तेव्हा आम्ही उत्तरात कामाचं नाव, वेळ आणि पूर्ण रक्कम लिहितो, आणि काम झाल्यावर यूपीआयवर नेमका तोच आकडा येतो.

पुढे कधीतरी वाचलं, की सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी घासाघीस सोडून सगळ्यांना एकच भाव लावायला सुरुवात केली. लहान मुलाला बाजारात पाठवलं तरी ते फसू नये, हा त्यामागचा विचार. आक्कांनी यातलं काहीही वाचलेलं नाही. आमच्या पाटीपुढे मात्र शाळेच्या गणवेशातली मुलगी उभी राहून आईसाठी दर वाचून जाते, हे मी आठवड्यातून एकदा तरी बघते.

शिवणकाम, शिकवणी, फिजिओथेरपी, मेंदी, असं काहीही वेळ देऊन करणाऱ्या माझ्या बहिणी माझ्याकडे दरपत्रकाबद्दल विचारायला येतात. मी त्यांना आक्कांची वही दाखवते आणि आधी महिनाभर फक्त लिहा म्हणते. गिऱ्हाइकाचे शब्द आणि घड्याळातली मिनिटं. त्याआधी पेंटरकडे जाऊ नका.

आक्का आता मैसूरला मुलीकडे असतात. गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. दर वर्षी एप्रिलमध्ये नवे दर लावण्याआधी मी सगळा हिशेब त्यांना पाठवते आणि त्यांचा फोन येईपर्यंत पेंटरला थांबवून ठेवते. या वर्षी त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: मुलींच्या पगाराचा आकडा आधी वाढव, मग पुन्हा भागाकार कर. तो केला, आणि नवी पाटी 1 एप्रिलला लागली.